मितभाषी म्हणे!

मामा गेल्याचं मला कळलं ते नातेवाइकांच्या ग्रुपवर. सुरतेजवळ कडोदऱ्याला एका कारखान्याच्या फाटकाबाहेर मी पाळी सुटायची वाट बघत उभी होते, हातात आमच्या युनियनच्या पत्रकांचा गठ्ठा, आणि पिशवीतला मोबाइल थरथरला. कुठल्याशा लग्नातला मामाचा फोटो, शेजारची माणसं कापून काढलेली, भोवती मोबाइलमधली तयार फुलं... आणि खाली मजकूर. ‘शांत, मितभाषी, हसतमुख व्यक्तिमत्त्व आपल्यातून हरपले.’ त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. तो मजकूर मी दोनदा वाचला. रडू नंतर आलं, आधी आला तो राग. मितभाषी म्हणे! आमचा भिलामामा चाळीसेक वर्षं लिंबायतमधल्या लूमच्या खात्यात होता. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. त्या खात्यात त्याच्याइतका बडबड्या, फेकू, येणाऱ्या-जाणाऱ्याला टोपणनाव चिकटवणारा दुसरा माणूस नव्हता. तो मितभाषी नव्हता. तो बहिरा होता. या दोन शब्दांतला फरक ज्यांना कधी कळला नाही, त्यांनीच तो मजकूर लिहिला, त्यांनीच त्याखाली हात जोडले. आणि त्यांच्यात मीही होते, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं सगळं वाचून कुणाला वाटेल, मी फार शहाणी.

मामा शिंदखेड्याकडचा. मिसरूड फुटायच्या आत सुरतेला आला आणि थेट लूमवर उभा राहिला. खात्यातला आवाज ज्यांनी ऐकला नाही त्यांना तो सांगून समजायचा नाही. छपराखाली शेकडो धोटे एकदम आपटत असतात आणि बाजूचा माणूस ओरडला तरी नुसतं त्याचं तोंड हललेलं दिसतं. म्हणून ही माणसं ओरडतच नाहीत. तोंड मोठं करून, आवाज न काढता, ओठांनी बोलतात, उरलेलं हातांनी. नव्या माणसाच्या कानात पहिले काही महिने घणघण असते, मग ती थांबते. त्यांच्या खात्यात याला म्हणत, ‘कान बसला’. कान बसला की तो माणूस कारागीर झाला, त्याच्या हाती चार लूम द्यायला हरकत नाही. म्हणजे ज्या दिवशी माणसाचं ऐकणं संपायला लागलं, त्या दिवशी त्याला बढती! मामा हे छाती काढून सांगायचा. ती बिनआवाजाची बोली त्याने मलाही शिकवली होती, जेवताना, मामीच्या समोर बसून मामीच्या वरणाची टिंगल करण्यासाठी. मी तेव्हा शाळेत होते. मामी वाढायला वाकली की मामा ओठांनी म्हणायचा, ‘तापी आली’, आणि मी घास घशात अडकवून घ्यायचे. मला तो खेळ वाटला. या माणसाचे कान गेलेत म्हणून ही बोली आहे, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

लूमवाल्याला रिटायरमेंट नसते. गुडघे वाकेनासे झाले, दम लागायला लागला आणि शेठने जुन्या लूम काढून नवी यंत्रं आणली, हे सगळं एकाच उन्हाळ्यात झालं. मग खात्याच्या ऑफिसात एक सत्कार झाला. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. ज्या माणसाला आता वेळेचं काही काम उरलं नाही, त्याला नेमकं घड्याळ देण्याची अक्कल कुठल्या शाळेत मिळते देव जाणे. शेठ भाषणात म्हणाले, “भिलाभाईए कोई दिवस फरियाद नथी करी. हवे आराम करो, भिलाभाई!” म्हणजे याने कधी तक्रार केली नाही, आता याने आराम करावा. मामाने मान हलवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या बघून मामानेही वाजवल्या.

आराम! या शब्दाची मला शिसारी बसली आहे. घरी जो आला तो हेच सांगून गेला. जावयाने सांगितलं, शेजाऱ्याने सांगितलं, मामाचा मुलगा प्रवीण तर रोज कामावर निघताना सांगायचा. प्रवीण कापड मार्केटमध्ये एका दुकानात हिशेब बघतो, माणूस वाईट नाही, पण ‘पप्पा, आराम करा’ एवढं म्हटलं की आपलं कर्तव्य संपलं असं त्याला खरोखर वाटायचं. आराम म्हणजे काय, तर पुढच्या खोलीत खुर्चीवर बसायचं. सकाळी दहाला चहा संपला की जेवणापर्यंत काही नाही. जेवण झालं की चहापर्यंत काही नाही. टीव्हीचा आवाज वाढवला की सून म्हणायची, पोरांचा अभ्यास आहे. मग मामा आवाज बंद करून मालिका बघायचा आणि गोष्ट स्वतःच रचायचा. त्याच्या गोष्टीत सासू लूममालक असायची. घरात बोलायला माणसं होती, पण त्यांची तोंडं मोबाइलमध्ये खुपसलेली. ओठ दिसल्याशिवाय मामाला शब्द मिळत नव्हता आणि त्या घरात कुणीही त्याच्याकडे तोंड करून बोलत नव्हतं. त्यात एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला. ऑपरेशन ‘थंडीत बघू’ म्हणून तीन थंड्या ढकललं. डोळा धूसर झाला तसे ओठही धूसर झाले. कुणाला वाटलं, म्हातारा हळूहळू आत आत जायला लागलाय. तो कुठेही गेला नव्हता. आम्ही तोंड फिरवलं होतं.

मग कुणीतरी त्याला जवळच्या बागेतल्या हास्यक्लबात घातलं. ज्येष्ठांचा विरंगुळा! वीस-पंचवीस माणसं गोल उभी राहून, हात वर करून, शिट्टी वाजली की हसायची. मामाला शिट्टी ऐकू जायची नाही. इतरांचं बघून तो हसायचा आणि सगळे थांबले तरी याचं चालूच. चौथ्या दिवशी तिथल्या प्रमुखाने प्रवीणला फोन केला, “काकांना जरा समज कमी पडते आहे का?” हसणंसुद्धा शिट्टीवर करायला लावणारी ही माणसं, आणि समज मामाची कमी!

एक गोष्ट मात्र मामाने स्वतःची स्वतः शोधली होती. दुपारी तो काठी टेकत दोन गल्ल्या ओलांडून एका लहान खात्याच्या मागच्या भिंतीशी जायचा आणि तळहात भिंतीला लावून उभा राहायचा. आत जुन्याच लूम होत्या. कानांनी नाही, तर हाताने त्याला त्यांची चाल कळायची. एकदा मी सोबत होते. मिनिटभर हात ठेवून तो खिडकीशी गेला, आतल्या मास्तरला, म्हणजे लूम दुरुस्त करणाऱ्याला, बोटांनी काहीतरी दाखवलं. मास्तर आत गेला, परत आला आणि हसून कपाळाला हात लावला. चौथ्या रांगेतली एक लूम अडखळत होती म्हणे. परत येताना मामाची चाल बदललेली होती. दिवसभरात ते एवढंच त्याचं काम होतं, अर्ध्या तासाचं, कुणी न सांगितलेलं. ते काढून घेतलं तर हा माणूस उरत नाही, हे मला त्या दिवशी दिसलं होतं. दिसूनही मी काही केलं नाही.

पुढे असं झालं की त्या वाटेवर एका रिक्षाने त्याला मागून धक्का दिला. हॉर्न वाजवला होता म्हणे, दोनदा. मामा बाजूला झाला नाही. खरचटण्यावर निभावलं, पण रिक्षावाल्याने घरापर्यंत येऊन तमाशा केला, “चाचा को होश नहीं है, बाँध के रखो!” आणि मग सगळ्यांना एकदम सगळं आठवलं. हास्यक्लबातलं हसणं. काहीही विचारलं की मान हलवणं. भिंतीला हात लावून उभं राहणं. बस्स, म्हाताऱ्याचं डोकं गेलं. डॉक्टरकडे नेलं. प्रवीणला दुकानातून सुट्टी नव्हती, म्हणून नेलं कुणी? मी.

डॉक्टरच्या खोलीबाहेर चाळीस माणसं. आत आम्हाला मिळाली पाच मिनिटं. डॉक्टर संगणकाकडे बघत विचारत होते आणि तोंडावर मास्क. “बाबा, भूल जाते हो?” मामाने मान हलवली. “रास्ता भूलते हो?” मान हलवली. “कोई मारने आ रहा है, ऐसा लगता है?” मामाने पुन्हा मान हलवली, वर हसला. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “भिंतीला हात लावून उभा राहतो, डॉक्टर.” हे माझे शब्द. तेही वकिलासारखे, पुरावा जोडल्यासारखे. विसराळूपणाच्या गोळ्या मिळाल्या आणि ‘अकेले बाहर मत छोड़ना’ अशी ताकीद. घरी आल्यावर प्रवीणने पुढच्या दाराला बाहेरून कडी घातली.

त्या गोळ्यांनी मामा दिवसाही पेंगायला लागला. खाल्लेला घास तोंडातच राहायचा. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचे, केळी घेऊन. केळी! एकदा त्याने माझा हात धरला आणि अहिराणीत म्हणाला, “माले बाहेर जाऊ दे व पोरी. घरमा बठीसन माणूस मरी जास.” म्हणजे घरात बसून माणूस मरतो. मी म्हणाले, “बघते, मामा.” त्याने मान हलवली. आणि मी निघाले, कारण मला मोर्चाची पत्रकं छापून आणायची होती.

आठ महिने ती कडी तशीच होती. मग एका दुपारी मी गेले तेव्हा गल्लीत, खिडकीच्या गजांपाशी, हिम्मतभाऊ उभे होते. मामाचा खात्यातला जोडीदार, त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा, चष्मा दोऱ्याने बांधलेला. गावाहून परत आले होते. आत मामा, बाहेर हिम्मतभाऊ, मध्ये गज आणि आवाज शून्य. दोघांचे हात नुसते उडत होते. मी वळणावरच थांबले. मामाचे ओठ मला वाचता येत होते... तो हिम्मतभाऊंच्या लग्नाची गोष्ट हिम्मतभाऊंनाच सांगत होता. घोडी बुजली कशी, नवरदेव पडला कुठे, नवरीच्या मामाने कुणाची टोपी कुणाला घातली. कुठलंही नाव तो चुकत नव्हता. हिम्मतभाऊ खोटं, खोटं म्हणून हात झाडत होते आणि मामा हसून हसून खोकत होता. चाळीस वर्षांपूर्वीचं लग्न! आणि या माणसाला आम्ही विसराळूपणाच्या गोळ्या देत होतो.

मी हिम्मतभाऊंना बाजूला घेतलं. तोंड मोठं करून डॉक्टरकडचं सगळं सांगितलं आणि विचारलं, “मग मामा डॉक्टरला प्रत्येक प्रश्नाला हो का म्हणाला?” हिम्मतभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू डोकं माझंच गेलंय. म्हणाले, “मान हालाई म्हंजे ‘हो’ नही व पोरी. म्हंजे तुले देखं, बस!” खात्यात लांबून कुणी काही बोललं की ऐकू येण्याचा प्रश्नच नसतो. मान हलवायची. म्हणजे, तू दिसलास, तुझं काहीतरी आहे, हातातलं सोडवून जवळ येतो. चाळीस वर्षांत ती मान अंगात मुरते. मामाने डॉक्टरला हो म्हटलंच नव्हतं. तो म्हणत होता, दिसलात, आता जवळ या आणि सांगा. डॉक्टर जवळ आले नाहीत. मी तर शेजारीच बसले होते, मीही आले नाही.

कडी काढून आत गेले. पिशवीत कागद म्हणजे माझी पत्रकंच. एक उलटं करून कोऱ्या बाजूवर डॉक्टरांचा प्रश्न आणि त्यांनी विचारायला हवे होते तेही मोठ्या अक्षरांत लिहिले आणि मामापुढे धरले. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, वाचायचा पक्का. त्याची उत्तरं मी इथे सोप्या मराठीत देतेय. आज वार कोणता? “शुक्रवार. मामीचा उपास. खिचडी खाऊन खाऊन थकते बिचारी.” शंभरातून सात सात काढत जा. “त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट... अजून करू? की तुझ्या डॉक्टरला करायला लावतेस?” कुणी मारायला येतंय असं वाटतं का? मामाने दाराकडे पाहिलं. “वाटतं ना. प्रवीण. हातात गोळी घेऊन येतो, दोन्ही वेळा.” मामी दाराशी उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. हसण्यासाठी की रडण्यासाठी, मी पाहिलं नाही.

मग मामाने कागद उलटला. तो मला ‘पत्रकबाई’ म्हणायचा, माझं लिहिलेलं त्याने आधी कधी पाहिलं नव्हतं. बोट ठेवून, एकेक अक्षर मोठ्याने वाचलं. ‘खात्यातल्या आवाजाने कान कायमचे जातात! कानांची मोफत तपासणी हा प्रत्येक कामगाराचा हक्क आहे!’ उद्गारचिन्हं माझीच. वाचून झाल्यावर त्याने कागद माझ्यापुढे धरला.

“हाई कोनासाठे लिखेल शे?”

“कामगारांसाठी,” मी म्हणाले.

“मंग माले काबर नही दिधं?”

मला का नाही दिलंस... मी म्हणाले, “तू आता कामावर नाहीस ना, मामा.” हे वाक्य तोंडातून गेल्यावर मला कळलं की मी काय बोलले. मामाने माझे ओठ नीट वाचले. “हां,” तो म्हणाला, “कामावर नही. मंग कान बी नही लागत.”

शेठला शिव्या देणं सोपं आहे, डॉक्टरलाही. मी त्या दोघांनाही सोडणार नाही. पण आमच्या सभांत, ठरावांत, घोषणांत कामावरून उतरलेला माणूस कुठे असतो? पाळी सुटते त्या फाटकावर आम्ही पत्रकं वाटतो. जो त्या फाटकातून कायमचा बाहेर पडला, तो आमच्याही लेखी संपला. शेठने निदान घड्याळ दिलं होतं.

त्या संध्याकाळी घरात भांडण झालं. प्रवीण म्हणाला, “डॉक्टरने लिहून दिलंय. तू डॉक्टर आहेस का?” मी म्हणाले, “नाही. पण त्या खोलीत मी होते आणि मी मूर्खासारखं बोलले, हे लिहून देते.” कडी निघाली. दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, कान तपासले, गोळ्या हळूहळू बंद झाल्या. आधीच्या डॉक्टरांना जाऊन सांगितलं तर ते म्हणाले, “हाँ, ऐसा भी हो सकता है.” एवढंच. आठ महिन्यांना एवढं एकच वाक्य. ऐकण्याचं यंत्र मिळालं, तर त्यातून मामाला फक्त घरघर ऐकू यायची. त्याने ते काढून ठेवलं. म्हणाला, “खात्यात यापेक्षा सुरात वाजायचं.” आणि भिंत? दार उघडलं तोवर पाय आखडले होते. आठ महिने खुर्चीत बसलेले गुडघे ओट्याच्या पायरीपुढे गेले नाहीत. दोन गल्ल्या अंतर होतं... तो ओट्यावर बसायचा, हिम्मतभाऊ रोज दुपारी यायचे आणि दोघं बिनआवाजाचे भांडायचे. असं दीड महिना चाललं. एका दुपारी हिम्मतभाऊ घरी गेल्यावर मामा जरा आडवा झाला, तो उठला नाही. दम्याने गेला असं लिहून मिळालं. असेल.

गंधमुक्तीच्या, म्हणजे दुखवटा उतरवण्याच्या दिवशी, धार्मिक विधी उरकल्यावर, प्रवीणने सभागृहात शोकसभा ठेवली होती. पुढच्या रांगेत शेठचा मुलगा, हास्यक्लबाचे प्रमुख, दुकानातली माणसं. अगदी मागे हिम्मतभाऊ आणि खात्यातले चार म्हातारे. भाषणं झाली. शांत स्वभाव. कधी तक्रार नाही. मितभाषी. प्रत्येक वाक्याला मागचे पाच म्हातारे माना हलवत होते आणि बोलणाऱ्यांना वाटत होतं, आपलं पटतंय. प्रवीणने माइक माझ्या हाती दिला, कानाशी म्हणाला, “दोन मिनिटं फक्त. पत्रक नको वाचूस.”

मी माइक टेबलावर ठेवला. पुढच्या रांगेवरून मागे बघत, तोंड मोठं करून, आवाज न काढता म्हणाले, “हिम्मतभाऊ, मामा सांगायचा ते खरं का? घोडीवरून पडलात तेव्हा तुम्ही रडला होतात?”

हिम्मतभाऊ ताडकन उठले. साफ खोटं! हातांनी घोडी काढली, लगाम काढला, नवरीचा मामा काढला. दुसऱ्या एकाने उठून त्यांना मागे ढकललं आणि खरं काय ते स्वतः दाखवायला लागला. तिसरा डोळे पुसत होता, हसून. मग तोही उभा राहिला, तिघं एकदम सांगायला लागले, मामाची नक्कल, मास्तरची नक्कल, त्याने कुणाला काय नाव ठेवलं होतं ते... आणि त्या सभागृहात पंख्याशिवाय कशाचाही आवाज नव्हता. ज्यांना ऐकू येत होतं त्यांना काही कळत नव्हतं. आधी ते कौतुकाने वळून बघत होते. मग चुळबुळ सुरू झाली. शेठच्या मुलाने मोबाइल काढला. कुणी जांभई दिली. पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील, प्रवीण माझ्याजवळ सरकला. “हे किती वेळ चालणार? लोक कंटाळलेत.”

मी माइककडे हात नेला नाही. मागे चौथा म्हातारा आता कुठे सांगायला उभा राहत होता.